खुडूक कोंबडीचा इतिहास

इतिहासाच्या ग्रंथांत कोंबड्याला जागा मिळाली, कोंबडीला मिळाली नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याहून पूर्वेला थोडे गेले म्हणजे कर्नाटकातले बसवकल्याण लागते. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. तेथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून खाण्यापिण्यापर्यंत आणि हत्तीघोड्यांपासून खेळ-करमणुकीपर्यंत राजाला लागणारे सारे ज्ञान त्यात आहे, आणि करमणुकीच्या भागात कोंबड्यांच्या झुंजीलाही स्वतंत्र स्थान आहे. झुंजणारा कोंबडा राजाच्या नजरेत भरला. त्याला जन्म देणारी कोंबडी मात्र कोणाच्या तरी परसात उकिरडा उकरीत राहिली. आपल्या म्हणीही याच वळणाच्या. झाकून ठेवला तरी उजाडायचे राहत नाही, तो कोंबडाच!

आणि कोंबड्यांतही सर्वांत दुर्लक्षित, किंबहुना सर्वांत जास्त शिव्या खाणारी, ती खुडूक कोंबडी. अंगावर शाल घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्या, हाक मारली तरी न उठणाऱ्या माणसाला आपण तिचीच उपमा देतो. पण अंड्याचा इतिहास जर कोणाच्या बाजूने सांगायचा असेल, तर तो या खुडूक कोंबडीच्याच बाजूने सांगावा लागेल. कारण गेल्या शंभर वर्षांत माणसाने कोंबडीकडून जे जास्तीचे अंडे मिळवले, ते तिचे बसणे मोडून मिळवले आहे. तिच्या अंगावरचे जे काम सुटले, ते कोणाच्या तरी अंगावर पडलेच. ते कोणाच्या अंगावर पडले, एवढाच या लेखाचा विषय.

ज्यांच्या घरी कधी कोंबड्या नव्हत्या त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा करावा लागेल. कोंबडी अंडे देते ते आपल्या न्याहारीसाठी नव्हे. रोज किंवा एक दिवसाआड एकेक करीत बारा-पंधरा अंडी झाली, की तिच्या रक्तात एक निराळा रस वाढू लागतो. शास्त्रज्ञ त्याला प्रोलॅक्टिन म्हणतात. मग ती अंडी देणे थांबवते, पिसे फुलवून अंड्यांवर बसते, कोणी हात घातला तर चोच मारते, आणि दाणापाण्यापुरती काही मिनिटे सोडली तर एकवीस दिवस उठत नाही. हेच खुडूक होणे. पिल्ले फुटली की पुढे दोन-तीन महिने ती त्यांना पंखाखाली घेऊन हिंडते, घार आली की ओरडते, उकरून किडे दाखवते. हा सारा फेरा साडेतीन-चार महिन्यांचा. वर्षात असे तीन, फार तर चार फेरे बसतात. म्हणून गावरान कोंबडीची वर्षाची अंडी चाळीस ते साठ. तिला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. वर्षातले बहुतेक दिवस ती आईचे काम करीत असते.

तिचे मूळ घराणे जंगलातले. सगळ्या पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून आल्या, असे डार्विनने १८६८ साली मांडले. त्यातले मुख्य सूत्र आजही टिकून आहे. मात्र २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून त्यात एक भर पडली. पाळीव कोंबडीचे पिवळे पाय व पिवळी कातडी लाल रानकोंबड्याकडून आलेली नसून भारतातल्या राखाडी रानकोंबड्याकडून आलेली आहे. हा राखाडी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या झाडीत आजही पहाटे ओरडतो. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांचे एक आजोळ आपल्याकडचे! रानातली कोंबडी वर्षाला डझनभर अंडी देते, कारण तिला तेवढ्यांचीच गरज असते. तिथून गावरान कोंबडीच्या पन्नास-साठ अंड्यांपर्यंतचा प्रवास हजारो वर्षांचा आहे, आणि तो माणसाने फारशी घाई न करता घडवला.

धाराशिवच्या भागात ही गावरान कोंबडी कशी पाळली जाई, हे पाहिले म्हणजे घाई का नव्हती ते कळते. हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा, कमी पावसाचा, जोंधळ्याचा मुलूख. कोंबडीसाठी वेगळे धान्य काढून ठेवण्याची ऐपत थोड्यांची; पण तशी गरजही नव्हती. सुगीत खळ्यावर सांडलेला दाणा, जात्याभोवतीची कणी, गोठ्यातल्या शेणातले किडे, उकिरड्यावरची वाळवी, एवढ्यावर तिचे भागे. रात्री दगडामातीच्या खुराड्यात कोंडायचे, पिल्ले असली तर डालग्याखाली झाकायची, सकाळी दार उघडायचे. अंड्याच्या जागी एखादे अंडे मुद्दाम राहू द्यायचे. दह्याला जसे विरजण, तसे हे एक अंडे कोंबडीला पुन्हा त्याच जागी बोलावते. खुडूक झाली की टोपलीत भुसा घालून दहा-बारा अंडी तिच्याखाली मांडायची. कुठे कुठे ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून त्यांत लोखंडाचा तुकडा ठेवण्याचीही चाल होती. सातव्या-आठव्या दिवशी रात्री कंदिलापुढे अंडे धरून पाहायचे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ते जिवंत, नितळ दिसले तर बाजूला काढायचे.

हा सारा कारभार घरातल्या बाईचा. जमीन नवऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, पिकाचा पैसा त्याच्या हातात किंवा सावकाराच्या वहीत. परंतु आठवडी बाजारात चार अंडी विकून किंवा सणाच्या तोंडावर एक कोंबडा देऊन आलेले पैसे तिच्या कनवटीला राहत. मुलाची पाटी, मुलीच्या बांगड्या, औषधाची पुडी यांपैकी काहीतरी त्यातून निघे. म्हणून त्या काळी कोंबडी नेणे म्हणजे त्या बाईचा बटवा नेणे होते. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैद्राबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या तेलंगणातल्या वेठबेगारीच्या ज्या हकीकती नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यासाठी गावाने फुकट कोंबड्या पुरवण्याचा जाच वारंवार येतो. कागदावर ती एक कोंबडी. घरात मात्र ती तीन महिन्यांची कमाई असे.

आता खुडूक कोंबडीचे काम माणसाने अंगावर घ्यायला सुरुवात केव्हा केली, ते पाहू. याचा आरंभ फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेरचा, म्हणजे तेव्हाच्या तगरचा, माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात होता, आणि तिथून गलबते इजिप्तच्या वाटेला लागत होती. त्याच इजिप्तमध्ये त्या वेळी मातीच्या मोठाल्या भट्ट्यांत, मंद आचेवर, शेकड्यांनी अंडी उबवली जात. अॅरिस्टॉटलच्या लिखाणातही कोंबडीवाचून अंडी उबवण्याच्या इजिप्तमधल्या रीतीचा उल्लेख आहे. भट्टी सांभाळणारा माणूस अंडे पापणीला लावून उष्णता ओळखी. आई नको, पण आईइतके जागणारा माणूस हवा, हा नियम तेव्हापासूनचा.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत उबवणीची यंत्रे आली, आणि एका इटालियन कोंबडीचे नशीब उघडले. लिव्होर्नो बंदरातून ती अमेरिकेत गेली आणि त्या बंदराच्या इंग्रजी नावावरून लेगहॉर्न म्हणवली जाऊ लागली. अंगाने हलकी, रंगाने पांढरी, खाण्याच्या मानाने अंडी पुष्कळ. आणि मुख्य म्हणजे ती क्वचितच खुडूक होते. उबवायला यंत्र असल्यावर बसणारी कोंबडी कोणाला हवी? जी बसते तिची पिल्ले धरायची नाहीत, जी देत राहते तिचीच धरायची, असे पिढ्यान् पिढ्या चालले, आणि वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देणारी जात तयार झाली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या एटा येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या परदेशी कोंबड्या वाढवून खेड्यांत वाटल्या.

या तीनशे अंड्यांच्या पाठीमागे किती कामे बदलली गेली, याची यादी कोंबडी पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचायला हवी. पहिले काम उबेचे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे पस्तीस अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. आई असली की हे पंखाखाली आपोआप होते. नसली की टोपलीखाली विजेचा दिवा लावावा लागतो, आणि रात्री वीज गेली तर सकाळी पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरलेली सापडतात. दुसरे काम उजेडाचे. कोंबडीचे अंडे दिवसाच्या लांबीवर चालते. चौदा ते सोळा तास उजेड मिळाला तर ती भरपूर देते. धाराशिवला मकरसंक्रांतीच्या आधी दिवस अकरा तासांचा, आणि भर उन्हाळ्यातही सव्वातेराच्या वर जात नाही. म्हणजे बाराही महिने वरचा उजेड दिव्याने पुरवायचा.

तिसरे काम चुन्याचे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि कोंबडीच्या सबंध सांगाड्यात असते वीस ग्रॅमच्या आसपास. वर्षाला अडीचशे अंडी देणारी कोंबडी आपला सांगाडा पंचवीस वेळा अंगाबाहेर टाकते! खाद्यातून शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी मिळाली नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून देत राहते आणि एके दिवशी पाय मोडून बसते. चौथे काम सावलीचे. उन्हाळ्यात पारा चाळिशीवर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कर्बवायू निघून जातो आणि कवच पातळ होते. पाचवे काम दाण्याचे. बांधून ठेवलेली अंड्यांवरची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम संतुलित खाद्य खाते. दहा कोंबड्या पाळल्या तर वर्षाला चार क्विंटल! ज्या घरात माणसांनाच वर्षाचे धान्य पुरत नाही, त्या घरात हे चार क्विंटल कुठून यायचे?

स्वातंत्र्यानंतर पांढरी कोंबडी खेड्यात आली ती या प्रश्नाचे उत्तर न घेता आली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अखिल भारतीय कुक्कुट विकासाचा कार्यक्रम आखला गेला. मुंबईजवळ आरे येथे मध्यवर्ती पैदास केंद्र निघाले. सुधारलेले कोंबडे गावोगाव द्यायचे, गावरान कोंबडे काढून टाकायचे, म्हणजे पुढची पिढी आपोआप सुधारेल, असा विचार होता. हेतू चांगला होता. देशात तेव्हा माणशी वर्षाला पाचच अंडी वाट्याला येत. १९५०-५१ सालचे एकूण उत्पादन होते अवघे १८३ कोटी. अंड्याविषयीची सोवळ्याची भावनाही थोडी सैल होऊ लागली होती. कोंबड्याशिवाय दिलेल्या अंड्यात जीव नसतो, म्हणून दूध घेणाऱ्याने अशा अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही, असे खुद्द गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात म्हटले होते. कोंबडीला अंडे द्यायला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लासाठी. ही साधी गोष्टही तेव्हा अनेकांना नवी होती.

परंतु उकिरड्यावर सोडलेली लेगहॉर्न ही शहरात वाढलेल्या सुनेसारखी गांगरून जाई. पांढरा रंग घारीला दुरून दिसे, मुंगसालाही दिसे. शिवाय तिच्या मागे मानमोडी होती. या रोगाचे शास्त्रीय जगातले भारतीय नाव राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरातल्या त्या गावी १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो ओळखला गेला, म्हणून हे नाव. कोंबडी हिरवी हगते, मान पिळवटते, आणि तीन-चार दिवसांत गल्लीतली खुराडी रिकामी होतात. गावरान कोंबडीही यातून सुटत नाही. यावरची देशी लस मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली. लस आहे, स्वस्त आहे, तरी घरोघरी कोंबड्या का मरत राहिल्या? कारण कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते, ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांच्या बाईने ती कुपी घेऊन काय करायचे? सबंध गल्लीने एकच पहाट ठरवून, कोंबड्या खुराड्यातून सुटण्यापूर्वी, टोचून घेतल्या तरच तिचा उपयोग. कोंबडीपालनात घरापुरते शहाणपण पुरत नाही, शेजार लागतो.

पुढे जे घडले ते परसात घडलेच नाही. १९७१ साली बांदा वासुदेव राव यांनी हैद्राबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. पुढे तिचा मुख्य कारभार पुण्यातून चालू लागला. व्यापारी भाव पाडतात म्हणून उत्पादकांनीच भाव सांगावा, या विचाराने राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी अंडे घराघरांत पोचवले. त्याच वर्षी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. आज धाराशिव या जुन्या नावाने पुन्हा ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात पुढच्या काळात सोयाबीन पसरले. त्याची पेंड अंड्यांच्या कोंबड्यांचे मुख्य प्रथिन झाली. पण जोंधळ्याचे खळे गावाजवळून उठले आणि परसातल्या कोंबडीचा फुकटचा दाणा गेला. २०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंडी झाली, माणशी १०३. हा पराक्रम लहान नव्हे. गरिबाच्या मुलाला शाळेत अंडे मिळू शकते ते यामुळेच. त्यासाठी आईचे काम यंत्राने, दिव्याने, डॉक्टराने आणि बँकेच्या कर्जाने उचलले.

ते उचलताना बाईचा बटवा मात्र हातातून सुटला. हजारो कोंबड्यांची शेड ही पुरुषाच्या नावावरच्या जमिनीवर, पुरुषाच्या सहीने उभी राहते. आणि रोग आला की हिशेब सर्वांचा एकच होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तो परसातल्या कोंबड्यांत निघाला, तेव्हा घरोघरची खुराडी रिकामी करावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये तो मराठवाड्यात परभणीजवळच्या मुरुंबा गावी आला. शेडवाल्याचे नुकसान आकड्यांत मोजता आले. चार कोंबड्यांच्या बाईचे नुकसान भरपाईच्या यादीत लहान दिसते. तिच्या संसारात ते तसे नसते.

असे असूनही परसातली कोंबडी संपलेली नाही, उलट विद्वानांना तिची पुन्हा आठवण झाली आहे. हैद्राबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने, जी १९८८ साली सुरू झाली, ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ अशा रंगीत, दणकट, हिंडून खाणाऱ्या जाती काढल्या. परसात वनराजा वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते आणि दिसायला गावरानसारखीच असल्याने सहज नजरेत भरत नाही. महाराष्ट्र शासनानेही आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा व तीन नर असे गट निम्म्या अनुदानावर देण्याची योजना राबवली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये काम करू लागलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने बायकांना घरच्या शेतातला एक एकर स्वतःच्या निर्णयाने पिकवायला शिकवले; भाजी, कडधान्य आणि जोडीला शेळ्या-कोंबड्या. कोंबडीचा पैसा पुन्हा बाईच्या हातात येण्याची ही वाट आहे.

पण या सुधारलेल्या कोंबड्याही बहुधा खुडूक होत नाहीत. पंचवीस तलंगा दीड-दोन वर्षे अंडी देतात, म्हाताऱ्या होतात, आणि मग पुन्हा नव्या गटासाठी अर्ज, पुन्हा वाट पाहणे. ज्या बाईच्या आजीने आयुष्यात एकही कोंबडी विकत न घेता खुराडे भरते ठेवले, तिला आता प्रत्येक पिढी बाहेरून आणावी लागते. जास्तीच्या अंड्याची खरी किंमत ही आहे.

म्हणून ज्यांना घरी कोंबड्या पाळायच्या आहेत त्यांनी दोन्ही घराणी एकत्र नांदवावीत. अंड्यांसाठी सात-आठ वनराजा किंवा तत्सम कोंबड्या ठेवाव्यात. त्यांना सोडून चरू द्यावे आणि संध्याकाळी प्रत्येकी पन्नास ग्रॅमपर्यंत जोंधळा, मका, पेंड यांचे भरड द्यावे. अंड्यांची टरफले भाजून, अगदी बारीक चुरून खाद्यात मिसळावीत. मोठे तुकडे दिले तर त्या अंडी फोडून खायला शिकतात. खुराड्याचे तोंड मुंगूस शिरणार नाही असे जाळीचे असावे. मानमोडीची लस सगळ्या गल्लीने एका दिवशी टोचावी. आणि त्यांच्यात दोन-तीन गावरान कोंबड्या अवश्य ठेवाव्यात. त्यांतली एखादी खुडूक झाली की शेजारणींकडून किंवा आपल्याच खुराड्यातून कोंबड्याची चांगली दहा-बारा अंडी तिच्याखाली मांडावीत. अंडी कोणाचीही असोत, ती बसते आणि पिल्ले आपलीच म्हणून वाढवते. वीज जाण्याची तिला भीती नाही.

आताच्या, दिवाळीच्या दिवसांत दिवस साडेअकरा तासांवर आला आहे. कोंबड्या पिसे झाडतात, अंडी कमी होतात, आणि एखादी कोपऱ्यात फुगून बसते. तिचे बसणे मोडावे म्हणून आपल्याकडे तिला पाण्यात बुचकळतात, कुठे नाकात पीस अडकवतात. ते करू नये. टोपलीत कोरडा भुसा घालून, पाण्याची वाटी व मूठभर दाणे जवळ ठेवून, तिला तिचे एकवीस दिवस द्यावेत.